इंग्लंडमधल्या साध्या गावाचे फोटो: रस्ते, पब आणि रंगवलेल्या भिंती

शिकायला किंवा नोकरीला इंग्लंडात आलेल्या मराठी माणसाने पहिल्या वर्षात कशाकशाचे फोटो काढले असतील, हे न बघता सांगता येतं. टॉवर ब्रिज, बाथ, स्टोनहेंज, आणि मेच्या लाँग वीकेंडला गाडी भाड्याने घेऊन केलेलं लेक डिस्ट्रिक्ट. ज्या गावात आपण घरभाडं भरतो, ज्या रस्त्याने रोज पिशव्या घेऊन घरी येतो, त्याचा मात्र एकही धड फोटो नसतो. पुढे नोकरी बदलते, गाव सुटतं, आणि कोपऱ्यावरचा पब बंद होऊन तिथे फ्लॅट झाल्याचं कुणाच्या तरी स्टेटसवरून कळतं.

हा लेख त्या राहून गेलेल्या फोटोंसाठी आहे. उदाहरण म्हणून मी रेडिंग घेतलंय. आयटीमुळे आपली माणसं इथे बरीच आहेत, लंडनहून यायला सोपं आहे, आणि मुद्दाम बघायला म्हणून इथे फारसं कुणी येत नाही. तुम्ही स्विंडनला असा नाहीतर लेस्टरला, पायऱ्या त्याच.

१. आधी रस्ता ठरवा, मग कॅमेरा काढा

"आज गावात फिरून फोटो काढू" म्हणून निघालात तर तीन तासांनी पाय दुखतात आणि हातात काही नसतं. एकच रस्ता धरा आणि त्याच रस्त्यावर पुन्हा पुन्हा जा.

रेडिंगमध्ये मी नवख्याला ऑक्सफर्ड रोड आणि त्याच्या मागच्या गल्ल्या सुचवीन. मोठ्या रस्त्यावर न्हाव्यांची दुकानं, पोलिश आणि आशियाई किराणा, परदेशी पैसे पाठवणाऱ्यांचे काउंटर. मागे व्हिक्टोरियन काळातली दुमजली, एकमेकांना चिकटून असलेली घरं. तिथेच जवळ बेकर स्ट्रीट आहे. फोटो काढणाऱ्याने तिथे एकदा थांबावंच. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर हव्या तेवढ्या प्रती काढायची पद्धत ज्याने शोधली त्याने, १८४४ मध्ये या रस्त्यावर फोटो छापायचा कारखाना सुरू करून दिला. तो चालवायचा त्याचा पूर्वीचा नोकर निकोलास हेनेमन. टॅलबटचं घर विल्टशरमध्ये लेकॉकला, गिऱ्हाईक लंडनला, आणि रेडिंग दोन्हींच्या मधे रेल्वेमार्गावर; एवढा साधा हिशोब. खरे फोटो पानांवर चिकटवून विकायला काढलेल्या पहिल्या पुस्तकाच्या प्रती इथे तयार झाल्या. कागदाला ऊन दाखवून फोटो उमटवायचे, म्हणजे इंग्लंडच्या ढगाळ हवेत हा धंदा किती बेभरवशाचा असेल बघा.

दुसरा पर्याय गावाच्या मध्यातला: ब्रॉड स्ट्रीटवरून युनियन स्ट्रीटच्या अरुंद बोळात शिरायचं. या बोळाला गावकरी 'स्मेली अ‍ॅली' म्हणतात, इथे पूर्वी असलेल्या मासळीच्या दुकानांमुळे. तिथून फ्रायर स्ट्रीट, मग फोर्बरी बाग, आणि शेवटी तुरुंगाची भिंत. त्या भिंतीवर पुढे येतोच.

लंडनहून येणाऱ्यांसाठी एक सूचना: एलिझाबेथ लाइन रेडिंगपर्यंत येते, पण ऑयस्टर कार्ड वेस्ट ड्रेटनच्या पुढे चालत नाही. बँकेचं काँटॅक्टलेस कार्ड किंवा फोन चालतो. ऑयस्टर टॅप करून बसलात तर उतरताना दंडाची तयारी ठेवा. पॅडिंग्टनहून जलद गाडी साधारण २५ मिनिटांत येते, एलिझाबेथ लाइनला तासभर लागतो.

२. सोबत काय घ्यायचं

कॅमेऱ्यावर आधीच खर्च करू नका. अलीकडचा कुठलाही बरा फोन दिवसा रस्त्यावर पुरतो. कॅमेरा असेलच तर २८ किंवा ३५ मिमीची एक लहान लेन्स. मोठी झूम लेन्स घरी ठेवा. लांबून चोरून फोटो काढणारा माणूस इथे कुणालाच आवडत नाही, आणि काळी लांब नळी बघून लोक आधीच सावध होतात.

- पाऊस अडवणारं टोपीवालं जॅकेट. छत्री नको, एक हात अडकतो आणि वाऱ्यात उलटी होते.
- चष्म्याचं मऊ फडकं, दोन. एक ओलं होणारच.
- झिप असलेली प्लॅस्टिकची पिशवी, कॅमेरा आत मावेल एवढी.
- जादा बॅटरी किंवा पॉवर बँक. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.
- बँकेचं कार्ड. कित्येक पबांत रोख घेतच नाहीत.
- वयाचा पुरावा. दारूचं वय १८ आहे, पण पंचविशीच्या आतले दिसत असाल तर पुरावा मागायची इथे पद्धत आहे. ई-व्हिसा आल्यापासून खिशात कार्ड नसतं आणि बारवर ई-व्हिसा दाखवून भागत नाही. पासपोर्ट घेऊन हिंडण्यापेक्षा इथलं प्रोव्हिजनल ड्रायव्हिंग लायसन्स काढून ठेवा, ते सगळीकडे उपयोगी पडतं.

ट्रायपॉड आणू नका. फुटपाथवर तो मांडला की तुम्ही रस्ता अडवलात असं होतं, आणि मग हरकत घेणाऱ्याचं म्हणणं खरं ठरतं.

३. उजेडाचं गणित

मुंबई-पुण्यात फोटो काढायची सवय असेल तर डोक्यात पक्कं बसलेलं असतं: सकाळी आठच्या आत, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळेत ऊन डोक्यावर, माणसांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या. इथे हे सोडून द्यायचं. रेडिंग साडेएक्कावन्न अक्षांशाच्या आसपास आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम १५ अंश वर येतो; मुंबईत तेव्हा तो ४७ अंशांवर असतो. म्हणजे इंग्लंडात हिवाळ्यातलं ऊन पडलंच तर दिवसभर तिरपं. बाराच्या सुमाराला ब्रॉड स्ट्रीटवर माणसाची सावली त्याच्या उंचीच्या तिपटीहून लांब पडते. फक्त हा दिवस चारच्या आत संपतो. उलट जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो.

ढगाळ दिवसाला नाकं मुरडू नका. भिंतीवरच्या चित्रांना ढगाळ हवाच चांगली, रंग सपाट आणि खरे येतात. फक्त फ्रेममध्ये पांढरं आकाश आलं की कॅमेरा फसतो आणि खालचा रस्ता काळवंडतो. एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) दोन तृतीयांश स्टॉपने वाढवा, किंवा सरळ आकाश फ्रेमबाहेर ठेवा. दुसरा उपाय मला जास्त पटतो. इथल्या आकाशात तसंही बघण्यासारखं क्वचित असतं.

पाऊस थांबल्यावरची पंधरा मिनिटं वाया घालवू नका. ओल्या फरशीवर दुकानांचे दिवे उतरतात आणि आडोशाला थांबलेली माणसं एकदम बाहेर पडतात.

४. कायदा काय म्हणतो

नवीन माणसाला खरी धास्ती याचीच असते. व्हिसावर आहोत, कुणी पोलीस बोलावले तर? म्हणून हे नीट वाचा.

सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून फोटो काढायला इंग्लंडात परवानगी लागत नाही. इमारती, दुकानं, पबचा दर्शनी भाग, येणारी-जाणारी माणसं, सगळं चालतं. पोलिसांचाही फोटो काढता येतो, त्यांच्या कामात आडवे आला नाहीत तर. २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४३ खाली पोलिसांना वाजवी संशय असेल तर ते तुमची झडती घेऊ शकतात आणि फोटो बघू शकतात. पण फोटो पुसून टाका असं रस्त्यात फर्मावायचा अधिकार त्यांना नाही. असं घडलंच तर आवाज न चढवता काय करताय ते सांगा, फोटो दाखवा. बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटतं.

गोंधळ होतो तो खासगी जागेत. ओरॅकल मॉल, त्याच्या नदीकाठच्या मोकळ्या पायऱ्यांसकट, दिसायला रस्त्यासारखा असला तरी खासगी आहे. तिथला सुरक्षारक्षक "इथे फोटो नको" म्हणाला तर ऐकायचं, "बाहेर जा" म्हणाला तर निघायचं. त्यालाही कॅमेरा हिसकावून घ्यायचा किंवा फोटो पुसायचा अधिकार नाही, पण वाद घालून मिळवायचं काय? सार्वजनिक फुटपाथवर जाऊन काढा. रेल्वे स्टेशनवर हौशी फोटो चालतात; फ्लॅश मात्र नको, आणि मोठं सामान असेल तर आधी कर्मचाऱ्यांना सांगा.

आता कायद्यापलीकडचं. रस्त्यावर आहे म्हणून माणसाला खासगीपण अजिबात नाही, असंही नाही. नेओमी कँपबेल या मॉडेलचा व्यसनमुक्तीच्या बैठकीबाहेर रस्त्यावर काढलेला फोटो एका वृत्तपत्राने छापला आणि २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल तिच्या बाजूने दिला. म्हणून दवाखान्याच्या दारात, फूड बँकेच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी कॅमेरा खाली ठेवावा. दुसऱ्याच्या मुलांचा फोटो काढणं गुन्हा नसला तरी आई-बापांना ते चालत नाही, आणि आपण त्यांच्या जागी असतो तर आपल्यालाही चाललं नसतं. रस्त्यावर झोपलेल्या माणसाचा फोटो काढून त्याला 'वास्तव' म्हणणारे पुष्कळ आहेत. तुम्ही त्यात भर घालू नका.

५. रस्त्यावर: काय बघायचं

रेडिंगच्या जुन्या घरांच्या विटा जवळ जाऊन बघा. विटेची लांब बाजू लाल, तिच्या शेजारी आखूड बाजू राखाडी, पुन्हा लाल, पुन्हा राखाडी. वरच्या ओळीत तेच, पण असं सरकवलेलं की आखूड बाजू खालच्या लांब बाजूच्या मधोमध येते. लांबून भिंत चौकडीच्या कापडासारखी दिसते. त्या भिंतीसमोर हिरव्या-निळ्या झाकणांच्या चाकांच्या कचरापेट्या, त्यांच्यावर रंगाने घातलेले घर क्रमांक, मधेच एखादी सायकल. असा फोटो लेक डिस्ट्रिक्टला मिळत नाही.

नवख्याला माझा सल्ला असा की माणसांपासून सुरुवात करूच नका. आधी वस्तू. टपालाच्या लाल पेट्या घ्या. जवळजवळ प्रत्येक पेटीवर ती बसवली तेव्हाच्या राजा-राणीची आद्याक्षरं असतात: व्हिक्टोरियाचं व्हीआर, पाचव्या जॉर्जचं जीआर, एलिझाबेथचं ईआर आणि मधे रोमन दोन. एका गावात किती राजांच्या पेट्या सापडतात हे शोधत गेलात की गल्ल्या आपोआप पाठ होतात, हातही बसतो. मग दुकानांच्या पाट्या, धर्मादाय दुकानांच्या काचा, पबबाहेरचे खडूने लिहिलेले फळे. मग माणसं.

माणसांसाठी पद्धत: आधी चांगली पार्श्वभूमी आणि उजेड शोधा, तिथे उभे राहा आणि माणसाला फ्रेममध्ये येऊ द्या. पाठलाग करू नका. शटरचा वेग सेकंदाच्या १/२५० च्या खाली जाऊ देऊ नका, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८, आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) ऑटो. कुणी बघितलं तर हसून मान हलवा. कुणी विचारलं तर फोटो दाखवा, आणि पुसून टाक म्हणाले तर पुसा. कायद्याने बंधन नसलं तरी पुसा. त्या रस्त्यावर तुम्हाला पुढच्या आठवड्यातही यायचंय.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीला जोडून रेडिंग फेस्टिव्हल हा संगीत महोत्सव असतो. तंबू, गमबूट आणि बीअरचे खोके ओढत स्टेशनकडून निघालेली पोरं दिवसभर गावातून जात असतात. रस्त्यावर माणसांचे फोटो काढायची भीड मोडायला याहून सोपा दिवस नाही. त्यांना फोटो हवेच असतात.

६. पब

पबचे फोटो दोन प्रकारचे, बाहेरून आणि आतून. बाहेरून काढायला कुणाची परवानगी नको. वर टांगलेली रंगीत पाटी हे पबचं खरं तोंड. दुसऱ्या रिचर्ड राजाने १३९३ मध्ये एल (एक प्रकारची बीअर) विकणाऱ्यांना पाटी लावणं सक्तीचं केलं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना चित्रावरून जागा कळावी, ही त्यातली सोय. 'रॉयल ओक' नावाचा पब तुम्हाला गावोगाव भेटेल. १६५१ मध्ये लढाई हरलेला दुसरा चार्ल्स ज्या ओकच्या झाडावर लपला, ते हे झाड. पाटीचा फोटो काढताना खाली उभं राहून वर कॅमेरा रोखू नका, समोरच्या फुटपाथवर जा.

धूम्रपानबंदी १ जुलै २००७ पासून आली आणि पबच्या दाराशी कायमचा एक घोळका तयार झाला. हे लोक मोकळे, गप्पिष्ट असतात आणि "कसला कॅमेरा आहे?" असं स्वतःहून विचारतात. पहिली ओळख इथे होते.

आतल्या फोटोंसाठी क्रम असा. आत शिरा, बारवर जा, आधी काहीतरी मागवा. वेटर टेबलाशी येईल म्हणून बसून राहू नका. बारवर रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं ते सगळ्यांना माहीत असतं. हात हलवून किंवा कार्ड नाचवून लक्ष वेधलंत तर उलटाच परिणाम होतो. पीत नसाल तर लाइम अँड सोडा मागा. स्वस्त असतं आणि कुणी भुवई उंचावत नाही. पैसे दिल्यावर विचारा: "माइंड इफ आय टेक अ फ्यू फोटोज? नॉट ऑफ पीपल." पब ही खासगी जागा आहे, त्यामुळे नाही म्हणाले तर नाही. बहुतेक जण हो म्हणतात, आणि बारमागचा माणूस स्वतःच सांगतो की कोपऱ्यातल्या त्या म्हाताऱ्याला विचार, तो पंचवीस वर्षं त्याच स्टुलावर बसतोय.

वेळ निवडा ती आठवड्यातल्या साध्या दिवशी दुपारी तीन ते पाच. शुक्रवारी रात्री नवख्याने आत कॅमेरा काढू नये. उजेड नाही, जागा नाही, आणि चढलेल्या माणसाची फोटोला दिलेली परवानगी सकाळी टिकत नाही. रसेल स्ट्रीटवरचा नॅग्ज हेड, सेंट मेरीज बट्सवरचा अलाइड आर्म्स, आणि सेंट जॉन्स स्ट्रीटवर घरांच्या रांगेत घरासारखाच दिसणारा द रिट्रीट, या तिघांपासून सुरुवात करायला हरकत नाही.

हिवाळ्यात बाहेरून आत आलात की तुमचा चष्मा आणि लेन्स एकदमच पांढरी होतात. फडक्याने पुसलं तरी पुन्हा धुकं धरतं. कॅमेरा पिशवीत बंद करूनच आत आणा आणि पंधरा-वीस मिनिटं पिशवीतच राहू द्या. तेवढ्यात तुमचा अर्धा पिंट होतो. मग खिडकीजवळचं टेबल धरा, खिडकी बाजूला ठेवा, पाठीमागे नको. एफ २ च्या आसपास, आयएसओ ३२००. आतले दिवे एलईडी असले तर फोटोत आडवे पट्टे येतात; शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलंत की जातात. फ्लॅश अजिबात नाही.

हातपंपाने एल ओढतानाचा हात, ओलसर झालेले पुठ्ठ्याचे बिअरमॅट, नक्षीदार गालिचा, काचेवर कोरलेलं जुन्या ब्रूअरीचं नाव: चेहऱ्यांशिवायही पब पुरेपूर दिसतो. रेडिंगमध्ये सायमंड्स ब्रूअरीच्या खुणा शोधा. १९६० मध्ये ही कंपनी करिज या मोठ्या ब्रूअरीत विलीन झाली, आणि तिच्या कारखान्याच्या जागेवर आता ओरॅकल मॉल आहे.

त्याच घराण्यातल्या जॉर्ज ब्लॅकल सायमंड्सने फोर्बरी बागेतला प्रचंड लोखंडी सिंह घडवला, १८८६ मध्ये. हे अफगाण युद्धातल्या, विशेषतः १८८० च्या मैवंदच्या लढाईतल्या, बर्कशर पलटणीच्या ३२९ मृतांचं स्मारक. त्या लढाईत मुंबई इलाख्याच्या ग्रेनेडियर आणि जेकब्स रायफल्स या पलटणीही होत्या आणि त्यांचीही माणसं तिथे पडली. सिंहाचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही चौथऱ्यावरची नावं वाचताना थांबलेल्या माणसाचा काढा.

७. भिंतीवरची चित्रं

फोर्बरी रोडवर जुन्या तुरुंगाची लाल विटांची भिंत आहे. १८९५ ते १८९७ या काळात ऑस्कर वाइल्ड हा लेखक इथे कैदेत होता. तुरुंग २०१३ च्या अखेरीस बंद झाला. मार्च २०२१ च्या सुरुवातीला एका सकाळी भिंतीवर कैद्याच्या वेषातला एक माणूस दोरीवरून खाली उतरताना दिसू लागला. दोरी चादरींची, आणि तिच्या टोकाला टाइपरायटर. चार तारखेला बँक्सी या खरं नाव लपवणाऱ्या भित्तिचित्रकाराने ते आपलं असल्याचं जाहीर केलं. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच कुणीतरी टाइपरायटरवर लाल रंग फासला. रस्त्यावरचं चित्र 'पुढच्या वेळी नीट काढू' म्हणून ठेवायचं नसतं, ते यासाठी.

लंडन स्ट्रीटजवळ जुन्या सेंट्रल क्लबच्या भिंतीवर कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं लांबच लांब भित्तिचित्र आहे, १९९० च्या सुमाराचं. ते एका फ्रेममध्ये बसवायचा हट्ट नको. रस्ता ओलांडून भिंतीला समांतर उभे राहा आणि तुकड्या-तुकड्याने काढा. एक फोटो असा घ्या की त्यात पुढून जाणारी बस किंवा माणूस येईल, म्हणजे चित्राची उंची कळते. नुसतं चित्र काढलंत तर तो चित्रकाराच्या कामाचा फोटो झाला. तुमचं त्यात काय?

इथेच सगळ्यात मोठी खोच आहे. १९८८ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे इमारती आणि सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पांचे फोटो काढून ते विकताही येतात. म्हणजे मैवंदचा सिंह मोकळा. पण भिंतीवरचं चित्र त्या कलमात बसत नाही. त्याचा कॉपीराइट चित्रकाराचा. घरच्या अल्बमसाठी काढलात तर कुणी विचारायला येत नाही, चित्र मागे ओघाने आलं असेल तरी अडचण नाही. प्रिंट, कॅलेंडर, टी-शर्ट विकायचे असतील तर मात्र चित्रकाराची लेखी परवानगी घ्या. सोशल मीडियावर टाकताना त्याचं नाव द्या. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं मात्र नाही.

रेडिंगची भूक भागली की ब्रिस्टलची गाडी पकडा, तास-सव्वा तासाचा प्रवास. ते बँक्सीचं गाव. स्टोक्स क्रॉफ्ट रस्त्यावर १९९९ मध्ये त्याने काढलेलं, पोलिसांवर पेट्रोल बाँब भिरकावणारं अस्वल अजून आहे.

८. घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो कॉम्प्युटरवर उतरवा आणि प्रत्येक ठेवलेल्या फोटोला तारीख, रस्त्याचं नाव आणि जागा लिहा. 'पब १', 'पब २' असं लिहिलंत तर दोन वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही. नावं मराठीत लिहा, पण रस्त्याचं नाव इंग्रजी स्पेलिंगनेही द्या, म्हणजे शोधताना सापडतं.

पबमधल्या कुणाचा फोटो चांगला आला असेल तर सुपरमार्केटमधल्या किओस्कवर एक प्रत छापून घ्या आणि पुढच्या खेपेला नेऊन द्या. मालकाला दिलीत तर बऱ्याचदा ती बारमागे लागते, आणि पुढे आत फोटो काढायला विचारावं लागत नाही. प्रत देताना मागे तारीख लिहायला विसरू नका.